एलियटचा पत्रव्यवहार आणि व्यक्तिनिरपेक्षतेचा सिद्धांत

भोगणारा माणूस आणि निर्मिती करणारे मन यांत भेद करणारा टी. एस. एलियटचा सिद्धांत १९१९ मधील ‘ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलंट’ या निबंधात मांडला गेला. कलाकृतीची स्वायत्तता मानणाऱ्या समीक्षेला, मराठीतील नवसमीक्षेलाही, या सिद्धांताचा मोठा आधार वाटत आला आहे. परंतु एलियटचीच हस्तलिखिते आणि पत्रे ग्रंथालयांच्या विशेष संग्रहांतून अभ्यासकांसमोर आल्यावर या भेदाची फेरतपासणी अटळ ठरते.

‘द वेस्ट लँड’चे कच्चे खर्डे एलियटने १९२२ मध्ये न्यूयॉर्कचे वकील जॉन क्विन यांना भेट दिले. क्विनच्या मृत्यूनंतर ते हरवले असाच समज होता. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बर्ग संग्रहाने ते १९५८ मध्ये विकत घेतले. मात्र ही गोष्ट जाहीर झाली ती १९६८ मध्ये, एलियटच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. व्हॅलरी एलियटने संपादित केलेली त्यांची प्रतिकृती १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. एझ्रा पाउंडने केलेली काटछाट आणि पहिली पत्नी व्हिव्हिएन हिचे समासातील शेरे तीत दिसतात. चौथ्या भागातील सागरसफरीचे दीर्घ कथन पाउंडच्या काटछाटीत गळून केवळ दहा ओळी उरल्या. दुसऱ्या भागातील एक ओळ तर व्हिव्हिएननेच सुचवलेली आहे. येथे व्यक्तिनिरपेक्षता ही एकट्या कवीच्या मनाची साधना राहत नाही. ती अनेक हातांच्या व्यवहारातून सिद्ध होते. हा पुरावा सिद्धांताला मोडीत काढत नाही, उलट त्याला अधिक भौतिक अर्थ देतो.

पत्रांच्या बाबतीत मात्र प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. एमिली हेल या अमेरिकन नाट्यशिक्षिकेला एलियटने १९३० ते १९५७ या काळात लिहिलेली १,१३१ पत्रे तिने १९५६ पासून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सोपवली. दोघांपैकी नंतर मरण पावणाऱ्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी ती उघडावीत, अशी अट होती. हेल १९६९ मध्ये निवर्तली आणि जानेवारी २०२० मध्ये पत्रे अभ्यासकांना खुली झाली. ‘द वेस्ट लँड’मधील हायसिंथच्या ओळी हेलने पुन्हा वाचाव्यात, असे एलियट १९३० मध्येच तिला सुचवतो, ‘बर्न्ट नॉर्टन’ या कवितेचे नातेही तो तिच्याशी जोडतो.

यावरून कवितेची किल्ली सापडली असे मानणे ही घाई होईल. प्रेमपत्र हीदेखील एक संहिताच असते. तिला संबोधित आहे, हेतू आहे, आर्जव आहे. १९२२ च्या ओळींचा १९३० मध्ये लावलेला अर्थ हा निर्मितिप्रक्रियेचा पुरावा नव्हे; तो कवीने उत्तरकाळात केलेल्या स्वतःच्या वाचनाचा पुरावा आहे.

एलियटने १९६० मध्ये लिहून हार्वर्डला ठेवलेले निवेदनही पत्रांबरोबरच उघडण्यात आले. हेलशी विवाह झाला असता तर आपल्यातला कवी मेला असता, अशा आशयाचे विधान त्यात आहे. माणूस आणि कवी यांची फारकत काव्यविचारात जन्मली होती. या निवेदनात ती आयुष्याच्या समर्थनासाठी वापरली जाते. सिद्धांताची खरी कसोटी इथे लागते. कवितेच्या वाचनाला शिस्त लावणारी संकल्पना एका स्त्रीसोबतच्या दीर्घ संबंधाची जबाबदारी दूर सारण्याचे साधन होऊ शकते.

हेलने एलियटला लिहिलेली पत्रे त्याच्याच सांगण्यावरून नष्ट करण्यात आली. तिचे एक छोटे निवेदन प्रिन्स्टनला आहे. परंतु हजाराहून अधिक पत्रांपुढे ते किती अपुरे आहे, हे सांगायला नको. २०२३ मध्ये एलियटची पत्रे जॉन हॅफेंडन यांच्या संपादनाने सर्वांना उपलब्ध झाली. तरी जतन झालेला हा पत्रव्यवहार एकतर्फीच आहे.

दप्तरात काय आहे याबरोबरच काय नाही, ते कोणी आणि का नाहीसे केले, हेही संहितासमीक्षेने वाचले पाहिजे. जे उरले तेवढेच सत्य मानणारी समीक्षा ते नष्ट करणाऱ्याचीच इच्छा पुरी करते.