'अ‍ॅडलहाइड' : सबटायटल बंद करून पाहिलेला सिनेमा

पावसाळ्यात आशागडला घरी गेलो की वर्क फ्रॉम होम नावापुरतंच उरतं. लाइट गेली की वायफाय जातं, मग फोनमध्ये डाउनलोड करून ठेवलेलं काहीतरी बघत बसायचं. यंदा असाच 'अ‍ॅडलहाइड' पाहिला. फ्रांतिशेक व्लाचिल या चेक दिग्दर्शकाचा १९६९चा सिनेमा, व्लादिमीर कोर्नरच्या कादंबरिकेवर बेतलेला.

युद्ध नुकतंच संपलंय. व्हिक्टर हा चेक माणूस युद्धाची वर्षं ब्रिटिश हवाई दलात काढून परतलाय. पोटाचं दुखणं आहे, कोणाशी बोलायची इच्छा नाही. उत्तर मोरावियातला एका नाझी मालकाचा वाडा त्याच्या देखरेखीला मिळतो. साफसफाईला एक जर्मन बाई येते. ती त्याच मालकाची मुलगी. बाप तुरुंगात, आणि ही स्वतःच्या घरची लादी मोलकरीण म्हणून पुसतेय.

१९३८ला म्युनिक करार झाला, मग नाझींचा ताबा आला, आणि युद्धानंतर सुमारे ३० लाख जर्मनांना चेकोस्लोव्हाकियातून हाकललं गेलं. दंडावर पांढरी पट्टी बांधायची सक्ती आता जर्मनांवर होती. व्लाचिल यातलं फारसं समजावून सांगत नाही. तो फक्त दोन माणसं एका घरात ठेवतो. तिला चेक येत नाही, त्याला जर्मन येत नाही.

मी पाहिलेल्या कॉपीत तिच्या वाक्यांनाही सबटायटल होती, त्यामुळे व्हिक्टरपेक्षा मलाच जास्त कळत होतं. हे खटकलं. दुसऱ्यांदा बघताना सबटायटल बंद केली. तेव्हा लक्षात आलं की या घरात कामं काही अडत नाहीत. बादली दाखवली, दाराकडे बोट केलं, झालं. हुकूम द्यायला भाषा लागतच नाही. भाषा लागते ती समोरच्याचं ऐकायला. पेत्र चेपेक आणि एम्मा चेर्ना हे सगळं केवळ नजरेने आणि पाठमोऱ्या शरीराने करतात. ती पाठ वळवते तेव्हा तिच्या खांद्यांवरून कळतं की घर अजून तिचंच आहे.

पण इथेच माझी तक्रारही आहे. दोघं जवळ येतात तेव्हा कॅमेरा त्याच्या एकटेपणात रमतो. पहारा त्याच्या बाजूचा, कैदेत ती. तिला 'नाही' म्हणायची सोय होती का, हा प्रश्न सिनेमा फार वेळ टाळतो. अ‍ॅडलहाइड शेवटपर्यंत कोडं राहते, आणि बाईला कोडं करून ठेवणं ही पुरुष दिग्दर्शकांची जुनी पळवाट आहे. शेवट सांगत नाही, बघा.

युरोपातलं युद्ध ८ मे १९४५ला संपलं. २३ मेला आमच्या तलासरी भागात झरीला वारल्यांची सभा भरली आणि वेठ करणार नाही असं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये वेठ, लग्नगडी, सावकार सगळं आहे. तुलना ताणायची नाही. वारली कोणाच्या देशावर चालून गेले नव्हते. फरक आणखी एक आहे : तिकडे एक बाजू रेल्वेत भरून पाठवली, इकडे दोन्ही बाजू गावातच राहिल्या. ज्याच्या विरुद्ध उठाव केला त्याच्याच शेतात पुढच्या पावसाळ्यात लावणीला जायचं, त्या पहिल्या सकाळी दोघं एकमेकांशी काय बोलले असतील? तो मराठी सिनेमा मला तरी अजून भेटलेला नाही.

आमची चिकूची वाडी आहे. ती आजोबांकडे कशी आली, हे घरात विचारलेलं चालत नाही. मला जावा येते, पायथन येते. वारली येत नाही. आमच्याकडे वीस वर्षं कामाला येणारी मावशी आमच्याशी मराठीत बोलते, तिच्या सुनेशी वारलीत. आजी तिला अजूनही हातानेच सांगते : ते उचल, इकडे ठेव.

लाइट आली तेव्हा मावशी पडवी झाडत होती. मी विचारलं, "मावशी, ही वाडी आधी कोणाची होती गं?"

तिने झाडू थांबवला नाही. आत स्वयंपाकघरात आजीने नळ बंद केला.