तालीम कुणाची, गाणं कुणाचं

सुधीर फडके यांचं गाणं ऐकताना हा माणूस ख्याल शिकलेला आहे हे चटकन ध्यानात येत नाही. कोल्हापुरात वामनराव पाध्ये यांच्याकडे त्यांनी रीतसर तालीम घेतली होती. पण १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि वर्षभरात ५६ गीतं घराघरांत पोचली, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानांत राहिले ते शब्द. पहिलं गीत भूपाच्या अंगानं, भरताची समजूत घालणारं रामाचं गीत यमन कल्याणाच्या अंगानं. पण त्यासाठी राग ओळखता यायची गरज कुणालाच पडली नाही. फडक्यांनी तान गाळली, आलाप आखडता घेतला, हरकत शब्दाला धक्का न लावता जेवढी बसेल तेवढीच ठेवली. काय गाळायचं हे कळायला ते आधी गळ्यात असावं लागतं.

शास्त्रीय शिक्षणानं सुगम किंवा सिनेसंगीतातल्या कलावंताचं भलं होतं की त्याचा गळा ठरावीक साच्यात अडकतो, हा वाद महाराष्ट्रात जुनाच आहे. एक बाजू लता मंगेशकरांकडे बोट दाखवते: वडील दीनानाथ, नंतर भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ. दुसरी बाजू किशोर कुमारचं नाव घेते आणि तालीम नसली तरी चालतं म्हणते. या उदाहरणांनी वाद पुढे सरकत नाही, कारण दोघंही ‘तालीम’ म्हणताना एकाच गोष्टीचा विचार करतात: तंबोरा, गुरू, राग, गंडा. माझं मत असं की आपल्या लोकप्रिय संगीतात न शिकलेला मोठा कलावंत जवळजवळ झालेलाच नाही. शिक्षणाची ठिकाणं वेगवेगळी होती आणि त्यांतल्या एकालाच आपण शिक्षण म्हटलं.

लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण यांच्याबद्दल ‘त्या शास्त्रीय शिकल्या नव्हत्या’ हे कौतुकानं सांगितलं जातं. खरं आहे, पण अपुरं आहे. त्या मुंबईतल्या मेळ्यात गात वाढल्या, आणि शब्द कसा फेकायचा याचे धडे पती श्यामराव चव्हाण यांनी त्यांना दिले. लावणीत आवाज सरळ छातीतून येतो, ओळीच्या शेवटी शब्द ठसक्यानं तुटतो आणि ढोलकीचा तोडा संपतो नेमक्या त्याच क्षणी गायिका पुढची ओळ उचलते. ख्यालाला घडलेला गळा इथे अडखळतो. आकार गोल करायची, स्वराकडून स्वराकडे मींडेनं जायची त्याला इतकी सवय झालेली असते की ठसका विरघळून जातो. ‘शास्त्रीय शिकलेली लावणी’ अनेकदा सुरेल आणि निर्जीव वाटते ती यामुळे. तालीम आड येते हा आक्षेप मला इथे पुरता पटतो. पण ती आड येते ती दुसऱ्या तालमीच्या. यमुनाबाई वाईकर ही विद्या आईकडून आणि फडावर शिकल्या. तिथे चूक झाली तर समोरचा प्रेक्षक लगेच सांगत असे.

प्रल्हाद शिंदे यांचंही तेच. भजन, कीर्तन, कव्वाली, भीमगीत यांत रात्र-रात्र गाऊन जो गळा तयार होतो त्याची पट्टी उंच असते आणि श्वास लांब असतो. मैदानात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचलाच पाहिजे, ही त्या शाळेची पहिली अट. त्यांचा आवाज ‘नैसर्गिक देणगी’ म्हणून मोकळं होणं म्हणजे त्यामागचे कष्ट नाकारणं.

आणि मग गोवा. या विषयावर गोव्याइतकं शिकवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या आश्रयानं गावोगाव ज्या संगीतशाळा चालल्या, तिथे मेस्त्री मुलांकडून सोल्फेज घोकून घेत, व्हायोलिन हाती देत आणि स्टाफ नोटेशन वाचायला लावत. हेतू एवढाच की प्रार्थनेला गाणारे-वाजवणारे मिळावेत. पण त्या शिक्षणाच्या जोरावर पोटासाठी मुंबईत आलेली गोंयकार पोरं आधी बँडमध्ये, हॉटेलांतल्या जाझमध्ये आणि मूकपटांच्या थिएटरात वाजवू लागली आणि पुढे बोलपटांच्या स्टुडिओत शिरली. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणायचा. ती पन्नास वादकांच्या हाती देण्याजोगी करायची, व्हायोलिनचा ताफा कुठे येईल, दोन ओळींमधली जागा कोण भरेल, गायिकेच्या सुरामागे दुसरा सूर कोणता चालेल, हे सगळं कागदावर उतरवणारा अरेंजर बहुतेक वेळा गोव्याचा असे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतला तो भव्य वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझा यांच्या हातचा आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवत. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते या शिष्याच्या गुरुभक्तीमुळे.

या गोष्टीत तालीम एकाजवळ होती आणि गाणं दुसऱ्याच्या नावावर लागलं. हिंदी सिनेसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतो तो अशा जोडकामावर उभा आहे, आणि त्यात शिकलेल्याला नाव मिळालं नाही याची मला मनापासून खंत वाटते. गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्सच्या आवारात स्वतःच्या रचनांचा कार्यक्रम केला. मोठा वाद्यवृंद, गायला लता आणि मन्ना डे. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ त्यांना स्वतःच्या बळावर घालायचा होता. तो उपक्रम टिकला नाही. साठच्या दशकात ते अमेरिकेला निघून गेले. चाल करणारा आणि ती लिहिणारा ही दोन माणसं वेगळी ठेवणं उद्योगाला सोयीचं होतं, आणि लिहिणाऱ्याकडे आपण कारागीर म्हणूनच पाहिलं.

उलट बाजूनं पाहायचं तर अजय-अतुल. संगीताचं रीतसर शिक्षण आपण घेतलेलं नाही, असं हे भाऊ स्वतःच सांगत आले आहेत. पण ‘जोगवा’ची गाणी ऐका. जोगत्यांचं संगीत, गोंधळ, हलगी, संबळ यांत कान बुडालेला असल्याशिवाय असं काम होत नाही. २००८ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत संगीतकार म्हणून ते निवडले गेले, आणि याच चित्रपटातल्या गाण्यासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही पार्श्वगायनाचे पुरस्कार मिळाले. दोघंही शास्त्रीय शिकलेले. न शिकलेल्यांची चाल, शिकलेल्यांचे गळे. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, तेव्हाही समोर बसलेले वादक कागदावरची नोटेशन वाचूनच वाजवत होते. तालीम इथेही आहेच, फक्त ती एका माणसात गोळा झालेली नाही.

मग क्लासमधल्या शिक्षणाचं काय? विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, ते संगीत घराण्यांच्या उंबऱ्याबाहेर आणण्यासाठी. प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांमुळे मध्यमवर्गीय घरांतल्या मुली पेटी घेऊन बसू लागल्या हे फार मोठं काम आहे. मराठी सुगम संगीताला जाणता श्रोता मिळाला त्याचं श्रेय या परीक्षांनाही आहे. पण परीक्षेला जे मोजता येतं तेच शिकवलं जातं: आरोह-अवरोह, पकड, दुप्पट-चौपट, इतक्या ताना. श्वास कुठे घ्यायचा, माईकपासून किती अंतर ठेवायचं, ‘ळ’ गाताना कसा उच्चारायचा, यांना गुण नाहीत. दिलीपकुमार यांच्या एका शेऱ्यानंतर लताबाईंनी मौलवींकडे उर्दूचे धडे घेतले. त्यांच्या गाण्यात तो अभ्यास अमान अली खाँच्या तालमीइतकाच ऐकू येतो. यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचं पुस्तकच लिहिलं, आणि ते प्रत्येक गायनशिक्षकाच्या टेबलावर असायला हवं.

टीव्हीवरच्या स्पर्धांनी हा तोल आणखी बिघडवला. दोन मिनिटांत तयारी दाखवायची म्हणून मूळ गाण्यात नसलेल्या ताना घालायच्या आणि टाळ्या मिळवायच्या, असा बाज रुळला. अभंगाचंही तेच झालं. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चालींना भीमसेन जोशींनी जे रूप दिलं त्याला बुलंद आवाजाइतकाच भावही कारण होता. त्यानंतर मैफिलीचा शेवट अभंगानं करायची रीत पडली, आणि आता तिथे तुकारामाचा शब्द तानेखाली दबलेला असतो. दिंडीतल्या चाली, जिथे शंभर टाळकऱ्यांना एकत्र म्हणता यावं म्हणून सूर मुद्दाम सोपा ठेवलेला असतो, त्या मैफिलीत फारशा येत नाहीत.

आज स्टुडिओत ओळ-ओळ तोडून गाणं मुद्रित होतं आणि बेसूर स्वर सॉफ्टवेअरनं जागेवर बसवता येतो. म्हणजे क्लासमध्ये आठ-नऊ वर्षं घालवून जो पक्का सूर मिळवायचा तो बाहेर विकत मिळू लागला. लय, शब्दफेक, श्वास आणि समोरच्या माणसांशी बोलल्यासारखं गाणं मात्र विकत मिळत नाही. ते फडावर, दिंडीत आणि चर्चच्या गायनवृंदात शिकवलं जात होतं, आणि या शाळा आता विरळ होत चालल्या आहेत. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारखी ठिकाणं मोजकीच आहेत. विशारदच्या परीक्षेला बसलेल्या मुलीसमोर परीक्षकांनी एक ढोलकीवाला बसवावा, वारकरी चालीतला एक अभंग टाळांवर म्हणायला लावावा आणि या दोन्हींचे गुण बड्या ख्यालाइतकेच धरावेत.