डहाणूची अधिसूचना: वाड्या वाचल्या, घरांचं काय?

संशोधनाचा विषय शोधताय? मग आधी एक सरकारी कागद नीट वाचा. २० जून १९९१ ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. उद्योगांना अख्ख्या तालुक्यात जास्तीत जास्त ५०० एकर. बागा, हिरवे पट्टे, आदिवासी क्षेत्र यांचा वापर बदलायचा नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण आलं, अध्यक्ष न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी. चिकूच्या वाड्या टिकण्यात याचा मोठा वाटा आहे, हे आधी मान्य करू.

आता उणीव बघा. कारखान्यांना एकरांचा आकडा आहे, घरांना नाही. ते काम प्रादेशिक आराखड्यावर सोडलंय.

धाकटी डहाणू घ्या. मच्छीमारांचं गाव, एका अंगाला समुद्र. कुटुंबं वाढली की घरं जमिनीच्याच बाजूला सरकणार. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-डने गावठाणापासून २०० मीटरपर्यंत निवासी वापर सोपा केला. ऐकायला हे आटोपशीर गाव वाटतं. पण २०० मीटर हे नुसतं अंतर झालं, नियोजन नव्हे. त्या पट्ट्यात पडीक जमीन आहे की पिकती वाडी, हे मोजपट्टी सांगत नाही.

माझा आक्षेप एवढाच: 'इथे बांधू नका' म्हणणाऱ्या नियमाने 'मग कुठे' याचंही उत्तर द्यायला हवं. नाहीतर शेती वाचवण्याचा भार घर नसलेल्यावर पडतो.

तुमच्या प्रस्तावात प्रश्न असा मांडा: जुन्या गावठाणात अजून किती घरं बसतील? आधी ते मोजा, मग शेताकडे बघा.