गीतरामायणाचे निवेदक

आपल्या मंडळाच्या गीतरामायणात टाळ्या पडतात त्या गायकांना, आणि त्या त्यांच्या हक्काच्याच आहेत. यंदा मला मात्र निवेदकांबद्दल लिहायचं आहे.

गदिमांनी रचलेली आणि बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडके यांनी, स्वरबद्ध केलेली ही ५६ गीतं १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी लागली. कल्पना सीताकांत लाड यांची. मधे अधिक महिना आला, म्हणून बावन्नाची छप्पन्न झाली. यातली गीतं वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी आहेत. कधी दशरथ बोलतो, कधी कौसल्या, कधी सीता, कधी भरत. तेव्हाच्या श्रोत्यांच्या अंगात कथा मुरलेली होती, त्यांना पहिल्याच ओळीला माणूस ओळखू यायचा. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना तो कोणीतरी दाखवून द्यावा लागतो.

आपल्या निवेदिकाताईंची तालीम बघण्यासारखी असते. हातातल्या कागदावर पेन्सिलीच्या काटछाटी. व्हायोलिन हलकेच षड्ज धरून असतं, त्यावर त्या भरताचं आजोळाहून परतणं सांगतात. त्यांचा शेवटचा शब्द पडतो न पडतो तोच पेटी गाण्याची सुरावट उचलते. मधे श्वासभर जरी पोकळी राहिली तरी त्या पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावतात. निवेदन लांबलं की तबलजीचा हात थंड पडतो, हेही त्या जाणतात. दोन मिनिटांत प्रसंग उभा करणं आणि गाण्याला काही सांगायचं शिल्लक ठेवणं, हे मला गाण्याइतकंच अवघड वाटतं.

निवेदनाचा विचार करताना मला माहेरचा कवी आठवतो. माझं माहेर गोंदिया जिल्ह्यातलं आमगाव. जवळचं पद्मपूर हेच भवभूतीचं गाव, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, आमगावच्या कॉलेजलाही त्याचंच नाव आहे. आठव्या शतकातल्या या कवीच्या ‘उत्तररामचरिता’त पहिल्याच अंकात लक्ष्मण रामसीतेला त्यांच्याच आयुष्याची चित्रं दाखवतो. तो एकेक प्रसंग ओळखून देत जातो आणि ती दोघं तो पुन्हा भोगतात. सीता तर चित्रातली शूर्पणखा पाहून दचकते. याहून चांगला निवेदक मला माहीत नाही.

ताईंना माझी विनंती आहे: पुढच्या रामनवमीला सीतात्यागाच्या गीताआधी हा चित्रदर्शनाचा प्रसंग निवेदनात घ्यावा. संहिता मी मराठीत उतरवून देईन.