मूळ संख्यांचे सुडोकू : गणित किती, देखावा किती?

सुडोकूत अंक असतात, म्हणून ते गणिताचे कोडे, असे आपण सहज धरून चालतो. अमेरिकेतील हॉवर्ड गार्न्स यांनी रचलेले हे कोडे १९७९ मध्ये प्रथम छापले गेले. १९८४ मध्ये ते जपानला पोहोचले, तेथे त्याला आजचे नाव मिळाले आणि पुढे ते आपल्या वर्तमानपत्रांतही आले. पण १ ते ९ ऐवजी क ते झ ही नऊ अक्षरे वापरली, तरी कोड्यात तिळमात्र फरक पडत नाही. त्यात तर्क आहे, संख्या नावापुरत्याच.

म्हणून मूळ आणि संयुक्त संख्या वापरणारा सुडोकूचा प्रकार पाहिला, की शिक्षकाला आनंद होतो. चौकट नेहमीचीच, ९ × ९ घरांची. ज्या घरात मूळ अंक (२, ३, ५, ७) यायचा तेथे वर्तुळ, संयुक्त अंक (४, ६, ८, ९) यायचा तेथे चौकोन. प्रत्येक ओळीत चार वर्तुळे, चार चौकोन आणि एक घर बिनखुणेचे.

या कोड्याचे सारे मोल त्या बिनखुणेच्या घरात आहे. ‘१ ने आणि स्वतःनेच भाग जातो ती मूळ संख्या’ ही व्याख्या पाठ केलेला विद्यार्थी १ ला मूळ ठरवतो. मग चार वर्तुळांसाठी त्याच्याकडे पाच अंक होतात आणि तो अडतो. अडला, की व्याख्या नीट सांगावी : जिला नेमके दोन विभाजक आहेत, ती मूळ. १ ला विभाजक एकच. शिवाय १ मूळ मानला, तर १२ = २ × २ × ३ हे अवयव एकाच रीतीने पडतात असे म्हणता येणार नाही; मागे हवे तितके १ जोडता येतील. हे कोडे सांगत नाही, आपणच सांगायचे.

यापुढे मात्र कोडे निराशा करते. दोन याद्या पाठ झाल्या, की मूळपणाचे काम संपले. वर्तुळ-चौकोनाऐवजी तांबडे-निळे म्हटले तरी चालेल. पुरावा हवा? सुटलेल्या चौकटीत सगळीकडे २ च्या जागी ३ आणि ३ च्या जागी २ लिहा. एकही नियम मोडत नाही. चार मूळ अंकांची अशी अदलाबदल २४ प्रकारे होते, संयुक्तांचीही २४ प्रकारे. म्हणजे नुसत्या खुणा छापल्या तर एका उत्तराबरोबर ५७६ उत्तरे येतात. एकच उत्तर हवे असेल, तर प्रत्येक गटातले निदान तीन वेगवेगळे अंक छापावेच लागतात. (स्वतः कोडी रचणाऱ्यांनी हे आधी तपासावे, घाईत नेमके हेच राहून जाते.)

मला दुसरा प्रकार अधिक पसंत आहे. शेजारच्या दोन घरांतील अंकांची बेरीज मूळ असेल, तर त्यांच्यामध्ये टिंब द्यायचे. शेजारचे अंक वेगळेच असल्याने बेरीज किमान ३. तेव्हा ती मूळ असली तर विषमच असणार, आणि दोन अंकांपैकी एक सम, एक विषम. आता अंकांना स्वभाव येतो. ७ चे जोडीदार फक्त ४ आणि ६. ७ + २ आणि ७ + ८ बाद. १ ला ८ चालत नाही, ९ ला ६ चालत नाही. येथे अक्षरे घालून पाहा, कोडेच उरत नाही. मुले बेरजा करतात, मूळ संख्या पारखतात, आणि तेही न सांगता.

कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर यांनी ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात मोरूमामांची, म्हणजे मोरेश्वर हुजुरबाजार यांची, आठवण दिली आहे. बनारसच्या घरी मामा फळ्यावर भाच्यासाठी आव्हानाचा प्रश्न लिहीत. तो सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत पुसला जात नसे. वर्गाच्या फळ्याचा एक कोपरा असा राखता येईल. तेथे ही ओळ लिहा :

३ ८ ५ २ ९ ४ ७ ६ १

आठही शेजारबेरजा मूळ आहेत. मग अशा नऊ ओळी एका सुडोकूत का बसू शकत नाहीत? कोणी फारच अडले, तर पहिल्या उभ्या स्तंभाकडे बोट दाखवावे, अधिक काही नाही.