सरासरीच्या पडद्याआडचा कांदा

दिवाळी अंकात राजकारण आणू नये, असा एक जुना संकेत आहे आणि तो मला मान्य आहे. चिवड्याची ताटली हाती घेतलेल्या वाचकाला संसदेतला गदारोळ कोण ऐकवील? परंतु संसदेतील चांगले भाषण हे अखेर वाङ्मयच असते. कथेची नि नाटकाची परीक्षा आपण करतो, मग त्याची का करू नये? म्हणून शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी कांद्याच्या निर्यातबंदीवरून केंद्र सरकारला जो जाब विचारला, त्याचे परीक्षण येथे योजले आहे. कोणत्याही पक्षाचा मी पाईक नाही. अर्थशास्त्राची पदवीही माझ्यापाशी नाही. मी शाळेत मुलांना गणित शिकवतो आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. या दोन धंद्यांतून जी दृष्टी आली असेल तेवढीच माझी शिदोरी.

आधी हकीकत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसवले आणि ८ डिसेंबरपासून तर निर्यातच बंद केली. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, ही त्यामागची भूमिका. आता शिरूर मतदारसंघाचा नकाशा पाहा. जुन्नर, आंबेगाव, खेड हे कांदा पिकवणारे तालुके त्यात आहेत. चाकणचा कांदा-बटाट्याचा मोठा बाजार त्यात आहे. आणि त्याच चाकणमध्ये मोटारींचे अवाढव्य कारखाने आहेत, त्याला लागून भोसरीची औद्योगिक वसाहत आहे. म्हणजे कांदा पिकवणारा आणि तो विकत घेऊन खाणारा, दोघेही एकाच खासदाराचे मतदार! मराठवाड्यातून नि बिहारमधून आलेला कंत्राटी कामगार ज्या खोलीत भाड्याने राहतो, तिचा मालक पुष्कळदा शेतकरीच असतो. एकाला भाव चढावा असे वाटते, दुसऱ्याला उतरावा असे. कादंबरीकाराला यापरते नाट्य कोठे मिळणार?

डॉ. कोल्हे पेशाने डॉक्टर आणि वृत्तीने नट. छोट्या पडद्यावर त्यांनी शिवछत्रपती उभे केले, संभाजीराजे उभे केले. त्यांच्या वाणीचा ठसका घरोघर ठाऊक आहे आणि तो सभागृहातही उणावत नाही. निर्यातबंदी उठवा, ही मागणी त्यांनी आडपडदा न ठेवता केली. शेतकऱ्याचे दुःख त्यांच्या तोंडी उसने वाटत नाही, हा त्यांचा मोठा गुण.

दुर्दैव असे, की बंदीला पुरते दोन आठवडे होण्याच्या आतच, १९ डिसेंबरला, ते निलंबित झाले. कारण कांद्याचे नव्हते. संसदेच्या सुरक्षेत झालेल्या कसुरीवर सरकारने निवेदन करावे, या मागणीसाठी झालेल्या गोंधळात त्या एका दिवशी लोकसभेचे ४९ सदस्य बाहेर गेले. पण परिणाम काय झाला? ऐन हंगामात चाकणच्या बाजाराची सभागृहातली जागा रिकामी पडली. मग त्यांनी शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. मोर्चाला माणसे मिळतात, घोषणा मिळतात. मंत्र्याला उभे राहून द्यावे लागणारे उत्तर मात्र तेथे मिळत नाही. निदान पंधरा दिवस आधी सूचना देऊन विचारलेला तारांकित प्रश्न आणि त्यामागून येणारे उपप्रश्न यांचे सामर्थ्य निराळेच असते.

येथे आपली परंपरा आठवते. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. गोखले हे एकेकाळचे गणिताचे शिक्षक. अंकगणिताचे पुस्तकही त्यांच्या नावावर आहे. सरकार शिलकीची फुशारकी मारत होते. दुष्काळाने पिचलेल्या देशात शिल्लक उरते कशी, हा गोखल्यांचा सवाल होता. सरकारचेच आकडे घेऊन त्यांनी ते सरकारपुढे मांडले आणि मिठावरचा कर कमी करा म्हणून सांगितले. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

दुसरे उदाहरण १९६३ चे. राममनोहर लोहियांनी लोकसभेत सांगितले, की देशातील सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात. पंडित नेहरूंनी पंधरा आणे सांगितले. पुढे गुलझारीलाल नंदांचा आकडा साडेसात आण्यांचा आला. तीन आण्यांचा हिशेब बिनचूक होता की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. माझ्या मते लोहियांचे यश निराळ्या ठिकाणी आहे. पंधरा आणे ही सरासरी होती आणि तिच्यात कोट्यधीशांची मिळकतही मिसळलेली होती. सरासरीचा पडदा बाजूला करून त्यामागे बसलेला माणूस लोहियांनी दाखवला. वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो, एकाने दहा लाडू खाल्ले आणि नऊ जण उपाशी राहिले, तरी सरासरी प्रत्येकी एक लाडू भरते!

या कसोटीवर आजचा कांद्याचा सवाल घासून पाहिला, तर तो मला अर्धा वाटतो. शेतकऱ्याचा आक्रोश त्यात आहे. त्याच मतदारसंघातल्या कामगाराचे ताट मला त्यात पुरेसे भेटले नाही. आणि सरकार तर त्याच ताटाच्या आडून बोलत होते! अशा वेळी विरोधकाने ते ताटच पुढे ओढायला हवे होते. बंदीने चाकणच्या लिलावात किलोमागे किती रुपये उतरले, आणि त्यांतले किती भोसरीच्या भाजीवाल्याकडे उतरले? मधला फरक कोणाच्या गाठीला राहिला? परदेशी गिऱ्हाईक तुटले, त्याची भरपाई कोण करणार? असे प्रश्न आले असते, तर शेतकरी नि कामगार यांना परस्परांचे वैरी ठरवणे कोणालाच सोपे गेले नसते.

बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पुरते गेले ते १ एप्रिल २०२५ पासून. दरम्यान निवडणूक झाली आणि शिरूरने डॉ. कोल्ह्यांना पुन्हा निवडून दिले. मतदारांनी आपले काम केले. नटाचा संवाद टाळीपाशी संपला तरी चालते. खासदाराचा प्रश्न उत्तर मिळेपर्यंत संपू नये. ज्याचा आवाज घरोघर पोहोचतो, त्याच्याकडून आकड्यांचीही अपेक्षा धरणे हा मी त्याचा सन्मानच समजतो.

आणि वाचकहो, आकडे काही दिल्लीतच मिळतात असे नाही. उद्या मंडईत कांदा घ्याल, तेव्हा चाकणचा त्या दिवशीचा भाव काय होता तेवढे विचारा. दोन भावांची वजाबाकी तिसरीतल्या मुलालाही येते; तीच पुढच्या वेळी मते मागायला येणाराला करायला सांगा.