रिकामी नाव परत कोणी न्यायची?

‘द लाँगेस्ट डे’ हा १९६२ सालचा चित्रपट मी तीनदा पाहिला. ६ जून १९४४ रोजी दोस्तांचे सैन्य फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, त्याची ही कहाणी. तीन दिग्दर्शक, नामवंत नटांचा ताफा, डोळे दिपवणारी दृश्ये. चित्रपट भव्य आहे, यात शंका नाही. तरीही दर वेळी एकच प्रश्न मनात घेऊन घरी आलो : सैनिकांना उतरवून रिकामी झालेली नाव परत कोणी नेली?

प्रश्न क्षुल्लक नाही. लहान नावेत छत्तीस सैनिक मावत. तेव्हा एका खेपेत भागण्यासारखे नव्हते. तिकडे भरती-ओहोटीत वीस फुटांच्या आसपास अंतर पडते. ओहोटीत जरा रेंगाळले, की नाव वाळूत बसे. लाटेने आडवी केली, तर मागून येणाऱ्यांची वाटही अडे. म्हणून मोठ्या नावा किनारा गाठतानाच मागे नांगर सोडीत आणि परतताना त्याचा दोर यंत्राने गुंडाळून स्वतःला खोल पाण्यात ओढून घेत. ओहोटीला खाडीत रुतलेली होडी ज्याने ढकलली आहे, त्या कोकणी माणसाला ही धडपड समजावून सांगायला नको. इथे त्यात तोफांच्या माऱ्याची भर!

चित्रपटात किनाऱ्यावरची कोंडी फोडणारा एक नौदल-अधिकारी आहे. केनेथ मोरने रंगवलेला, बुलडॉग घेऊन हिंडणारा. बंद पडलेल्या गाडीला तो सोटा हाणतो, गाडी सुरू होते, प्रेक्षक हसतात. मोरची ऐट मलाही आवडली. पण त्या हशात खलाशांचे कष्ट मात्र विरून गेले. स्पीलबर्गच्या १९९८ च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ने रणाची भीषणता अधिक प्रामाणिकपणे दाखवली. तेथेही नावेचे दार पडले, सैनिक उतरले, की नाव कथेतून नाहीशी होते.

पुढे १९ जूनला वादळ उठले आणि सुमारे ८०० नावा किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळशा खलाशांनी व कारागिरांनी डागडुजी करून जुलैच्या उधाणाच्या भरतीला पुन्हा पाण्यात लोटल्या. एका दिवसाच्या कथेत हे बसणार नाही, हे कबूल. पण त्या पहिल्या दिवशीही प्रत्येक नावेला मागे फिरायचे होतेच.

पुढे धावणाऱ्याचे शौर्य पडद्यावर शोभून दिसते. सुखरूप मागे फिरून, पुढची खेप घेऊन त्याच आगीत पुन्हा येणाऱ्या खलाशाला न्याय देणारा चित्रपट मी अजून पाहिलेला नाही. तो निघाला, तर चौथ्यांदाही तिकीट काढीन!